पिझ्झा शाकाहारी आहे हो, पण आहारात बसतो का?

कोथिंबीरवडी | शुक्रवार, रात्री १०:१२

आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी एक छोटं महाभारत होतं, म्हणून हा धागा. घरात चार माणसं. सासूबाई (७२, चातुर्मास कडक पाळणाऱ्या), नवरा (४७), मी, आणि पंधरा वर्षांचा लेक, जो भूक लागली की फ्रिजचं दार उघडून नुसता उभा राहतो. सगळे शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

पूर्वी पिझ्झा वाढदिवसाला यायचा. मग महिन्यातून एकदा झाला. आता दर शनिवारी ठरलेलाच. गेल्या महिन्यात नवऱ्याचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आलं. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर 'टाळा'च्या रकान्यात पहिलं नाव पिझ्झाचं लिहिलं, वडापावच्याही वर. लेकाने तो कागद वाचला आणि म्हणाला, "पोळी, टोमॅटो, चीज, ढोबळी मिरची. यातलं नेमकं काय टाळायचं ते दाखव." मला खरंच दाखवता येईना.

तर जाणकारांनो, त्रास कशाचा आहे? मैद्याचा, चीजचा, की किती खातो त्याचा? 'सगळं प्रमाणात खावं' असं लिहिणाऱ्यांना आधीच नमस्कार. ते मला माहीत आहे. प्रमाण म्हणजे किती, ते सांगा.

तिरकीनजर | रात्री १०:१५

सगळं प्रमाणात खावं.

(पळतो.)

भुईमूग | रात्री १०:४१

ताई, मैदा आतड्याला चिकटतो. भिंतीला पोस्टर लावायला खळ कशाची करतात आठवा. आमच्या घरात मैद्याला प्रवेश नाही. करंज्यासुद्धा कणकेच्या.

मोजमापे | रात्री ११:३०

भुईमूग, खळ भिंतीला चिकटते कारण भिंतीला पाचक रस नसतात. पोटात मैद्याचा पिष्टमय भाग उलट फार पटकन पचतो, आणि तीच खरी अडचण आहे. कोंडा निघून गेलेला असतो, त्यामुळे साखर रक्तात यायला अडवणारं कोणी उरत नाही.

(कणकेच्या करंज्या मी खाल्ल्या आहेत. त्याबद्दल काही बोलत नाही.)

कोथिंबीरवडी, तुम्ही प्रमाण विचारलंत म्हणून वजनकाटा घेऊन बसलो. घरी केलेला १० इंची पिझ्झा धरू या: मैदा १५० ग्रॅम, तेल दोन चमचे, मोझरेला ८० ग्रॅम, टोमॅटोचा सॉस, वर भाज्या. सगळं मिळून साधारण ९०० कॅलरी आणि ३४ ग्रॅम प्रथिनं. अर्धा खाल्ला तर ४५० कॅलरी, १७ ग्रॅम प्रथिनं.

आता तीन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण घ्या. कॅलरी जवळपास तेवढ्याच, प्रथिनंही तेवढीच. म्हणजे या दोन्ही बाबतींत तुमच्या लेकाचं म्हणणं बरोबर आहे. पण पुढे दोन ठिकाणी त्याची गाडी अडते.

पहिलं ठिकाण तंतूंचं. तीन पोळ्यांच्या कणकेतच दहाएक ग्रॅम तंतू असतात, भाजी-वरणाचे वेगळे. अर्ध्या पिझ्झात तीन ग्रॅम मिळाले तरी खूप.

दुसरं मिठाचं, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोम इथेच आहे. पिझ्झाच्या पिठात मैद्याच्या दोन टक्के मीठ घालतात, म्हणजे १५० ग्रॅमला ३ ग्रॅम. चीजचं सव्वा ग्रॅम आणि सॉसचं अर्धा ग्रॅम त्यात मिळवा. अख्ख्या पिझ्झात पावणेपाच ग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरासाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. लेक एकटा अख्खा संपवत असेल तर त्याचं दिवसभराचं मीठ त्या एका बैठकीत संपतं, आणि वर ओरेगॅनोच्या पुड्या. त्या पुड्यांतही बऱ्याचदा मीठ असतं, मागची यादी वाचा.

हे सगळं घरच्या पिझ्झाचं. काठात चीज भरलेल्या प्रकारांचा हिशेब मी करत नाही, झोप उडते.

आणखी एक. मागवताना 'रेग्युलर' आणि 'मीडियम' यांत फार फरक नाही असं वाटतं ना? ७ इंची पिझ्झाचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस इंच, १० इंचीचं ७८. मीडियम म्हणजे सरळ दोन रेग्युलर. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना २०२२ पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात, तेव्हा आकडा शोधा. फक्त तो आकडा अख्ख्या पिझ्झाचा आहे की एका माणशी वाढपाचा, हे बघितल्याशिवाय खूश होऊ नका.

भाकरतुकडा | शनिवार, सकाळी ६:०५

मोजमापे, मिठाचं बोललात ते पटलं. आमच्या सोलापूरकडे भाकरीत मीठ नसतंच. चपातीत चिमूटभर. जे काय मीठ ते कालवणात आणि ठेच्यात, त्यामुळे भाकर कितीही चुरली तरी मीठ तेवढंच. पाव, पिझ्झा, खारी, टोस्ट यांच्यात पिठातच मीठ भरलेलं. ते जिभेला लागत नाही, म्हणून पुन्हा वरून पुडी पाहिजे.

माझं वय ६८. बीपीची गोळी दहा वर्षं चालू. नातवंडं आली की पिझ्झा येतो. मी एक तुकडा घेते आणि त्या दिवशी लोणच्या-पापडाला हात लावत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलं.

तिरकीनजर | सकाळी ९:२०

सकाळी सहाला पिझ्झाच्या धाग्यावर प्रतिसाद देणाऱ्या आजींना साष्टांग _/\_

नापोलीकर | सकाळी ११:४८ (आमच्याकडे अजून न्याहारी चालू आहे)

नऊ वर्षं इटलीत नेपल्समध्ये आहे, तेव्हा तोंड उघडणं भाग आहे. इथे पिझ्झा वाटून खात नाहीत. माणशी एक. सुरी-काटा घेऊन बसायचं आणि संपवायचा. पिठाचा गोळा साधारण २५० ग्रॅमचा, म्हणजे आत मैदा दीडशे ग्रॅमच्या आसपास. मोजमाप्यांचा हिशेब इथल्या ताटाशी तंतोतंत जुळतो. फरक एवढाच की इथे पिझ्झा म्हणजे जेवण. त्याच्या आधी गार्लिक ब्रेड नाही आणि नंतर चॉकलेट लाव्हा नाही. (बिअर किंवा कोला मात्र असतो. उगाच देव्हाऱ्यात बसवत नाही त्यांना.)

शाकाहाऱ्यांसाठी खरी गंमत 'मारिनारा' नावाच्या पिझ्झात आहे. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल. संपलं. चीज नाहीच. मार्गारितापेक्षाही जुना मानतात आणि बहुतेक ठिकाणी यादीत सगळ्यात स्वस्त असतो. माझी आई इथे आली तेव्हा पहिला घास घेऊन म्हणाली, "अरे, ही तर लसणाची चटणी लावलेली जाड पोळी." वर्णन चुकीचं नाही. २०१७ साली युनेस्कोने इथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, पण आईला त्याचं काही नाही. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मागवला.

सांगायचं म्हणजे, चीजशिवाय पिझ्झा ही डाएटवाल्यांनी काढलेली टूम नाही. मात्र टोमॅटो चांगले हवेत आणि भट्टी तापलेली हवी. इथली लाकडाची भट्टी ४५०च्या वर जाते, दीड मिनिटात पिझ्झा बाहेर. घरच्या ओटीजीत ती मजा येणार नाही, हे कबूल.

तिरकीनजर | दुपारी १२:१०

मग इटलीतली माणसं अख्खा पिझ्झा खाऊन शिडशिडीत कशी आणि आम्ही दोन तुकडे खाऊन ढेरपोटे कसे? भेदभाव आहे हा.

मोजमापे | दुपारी १:३५

इटलीत सगळे शिडशिडीत असतात हे तुम्ही फॅशनच्या जाहिरातींवरून ठरवलंय. पण प्रश्न विनोदात विचारलात तरी उत्तर गंभीर आहे, आणि ते पुण्यातलंच आहे.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. एक लंडनचे डॉ. युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी. आपल्यातल्या पुष्कळांची घडण अशीच आहे. म्हणून 'मी तर सडपातळ आहे, मला काय होतंय' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही, पिझ्झा असो की साबुदाणा खिचडी.

दुसरी गोष्ट ताटाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जो आहार सुचवला, त्यात धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितली आहे. आपलं रोजचं शाकाहारी जेवण त्याच्या वर जातं. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि वर भात, संध्याकाळी टोस्ट, रात्री परत पोळी. त्यात शनिवारी पिझ्झा आला की धान्याची पाचवी पाळी. तेव्हा पिझ्झा आणायचाच तर कुठलं तरी धान्य उठवून त्या जागी बसवा. पाहुणा आला म्हणून पंगत वाढवायची नाही, एकाने पाट सोडायचा.

भुईमूग | दुपारी १:५०

साबुदाणा खिचडीला मध्ये आणायचं काम नव्हतं.

बिनकांदा | दुपारी ३:०४

आम्ही जैन. आमच्या घरात पिझ्झाचा प्रश्न कॅलरीपाशी पोचतच नाही, त्याआधीच दोन चाळण्या लागतात. पहिली कांदा-लसणाची. त्याची सोय आता बहुतेक ठिकाणी आहे, 'जैन' म्हटलं की सॉस वेगळा घेतात. (घेतात अशी श्रद्धा आहे.)

दुसरी चाळणी पुष्कळ शाकाहाऱ्यांना माहीतच नसते. चीज करताना दूध साकळायला रेनेट लागतं, आणि पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून येतं. भारतात हिरवा ठिपका असलेल्या पाकिटाचं चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, त्यामुळे इथे काळजी नाही. पण परदेशात, किंवा इथे आयात केलेली पाकिटं घेताना वाचून घ्या. आमच्या एका नातेवाइकांनी युरोपच्या सहलीत दहा दिवस निव्वळ 'व्हेज' पिझ्झावर काढले आणि परत आल्यावर हे कळलं. त्यांनी आयंबिल (दिवसातून एकदाच अळणी जेवण) केलं बिचाऱ्यांनी.

नापोलीकर | दुपारी ३:३०

दुजोरा. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही तिन्ही प्राण्याच्या रेनेटचीच असतात, त्यांच्या नियमांतच ते आहे. पिझ्झावर शेवटी भुरभुरवतात ते हेच. हिरव्या पेस्तो सॉसमध्येही असतं. मी मागवताना सरळ "वर किसलेलं चीज नको" सांगतो, आणि खाली मोझरेला असेल तर विचारतो. मारिनारा मागवला की हा प्रश्नच मिटतो. पुन्हा मारिनारा. माझी सुई तिथेच अडकली आहे.

कोथिंबीरवडी | दुपारी ४:१५

बापरे, दुपारभर ऑफिसचं काम होतं, इकडे केवढं झालं! रेनेटचं सासूबाईंना सांगितलेलं नाही. सध्या घरातली शांतता महत्त्वाची. हिरवा ठिपका बघून घेतला.

मोजमापे, मीडियम म्हणजे दोन रेग्युलर हे लेकाला दाखवलं. πr² त्याला शाळेत आहे, त्यामुळे भांडता आलं नाही. आज त्याचा पिझ्झा मागवणं पुढे ढकललंय. नवऱ्याच्या साखरेबद्दल कोणी सांगेल का?

साखरकारखाना | संध्याकाळी ५:२२

नावावरून ओळखलं असेलच. टाइप २, नऊ वर्षं. मी डॉक्टर नाही, पण माझं बोट मी भरपूर वेळा टोचलं आहे, त्यातलं थोडं सांगतो.

वरण-भात खाल्ला की माझी साखर तासाभरात वर जाते आणि दोन तासांनी उतरायला लागते. एका दिवसाचे आकडे: जेवणाआधी ११८, तासाने १८२, दोन तासांनी १५०. पिझ्झाचं वागणं वेगळं. आधी ११६, तासाने १४१. मी म्हटलं, वा, हा तर भातापेक्षा गरीब! दोन तासांनी १६८. झोपताना सहज बघितलं, जवळजवळ चार तास झाले होते, तर १८९.

कारण असं की चीजमधल्या स्निग्ध पदार्थांमुळे जठर उशिरा रिकामं होतं. मैद्याची साखर जायची कुठे नाही, ती रांगेत उभी राहते आणि तुम्ही झोपल्यावर आत येते. इन्शुलिन घेणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच माहीत असतो. म्हणून दोन तासांचा आकडा बघून 'पिझ्झा मला चालतो' असं कोणी ठरवू नये. मी तीन वर्षं तेच ठरवून बसलो होतो.

मी काय बदललं? रात्री दहाचा पिझ्झा संध्याकाळी सातला आणला. आधी वाटीभर मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर किंवा काकडी. मग १० इंचीचे सहातले दोन तुकडे. नंतर सोसायटीला चार फेऱ्या. आता चौथ्या तासाला दीडशेच्या आसपास असतो. हे आकडे माझे, तुमच्या यजमानांचे वेगळे येतील. एक शनिवार त्यांना चार तासांनी मोजायला सांगा आणि तो कागद त्या आहारतज्ज्ञ बाईंना दाखवा. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा हे बरं.

एडिसनकर | संध्याकाळी ६:४० (न्यू जर्सी, पहिली कॉफी)

दोन तुकडे म्हणताय, पण तुकडा केवढा? आमच्याकडे १८ इंचीचे आठ तुकडे करतात. त्यातले अडीच म्हणजे तुमचा अख्खा १० इंची. माझ्या पोरी शाळेतून येऊन "एकच स्लाइस खाल्ली" सांगतात तेव्हा मी कपाळाला हात लावते.

अवांतर: शाळेच्या जेवणात पिझ्झावरच्या दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्टला अर्धा कप भाजी धरायची इथे सवलत आहे. सरकारी खातं ती काढायला निघालं, तर २०११ साली काँग्रेसने अडवलं. तेव्हापासून आमच्याकडे पिझ्झा ही पालेभाजी आहे.

तिरकीनजर | संध्याकाळी ६:४४

काँग्रेस म्हणजे तिकडची. खुलासा केलेला बरा, नाहीतर धाग्याचं राजकारण होईल.

पोळपाट | संध्याकाळी ७:५५

इतका वेळ वाचत होते. आता कृती सांगते, कारण नुसत्या चर्चेने पोराचं पोट भरणार नाही.

नुसत्या कणकेचा बेस पहिल्यांदा केला तर खाकरा होतो आणि मुलं कायमची उठतात. दीडशे ग्रॅम कणीक आणि शंभर ग्रॅम मैदा घ्या. पाणी पोळीच्या कणकेपेक्षा जास्त, १७५ मिली. पीठ हाताला चिकटेल, घाबरू नका, वर आणखी पीठ भुरभुरवू नका. कोंडा पाणी पितो, अर्ध्या तासाने तेच पीठ ताळ्यावर येतं. इन्स्टंट यीस्ट पाव चमचा, तेल एक चमचा. मीठ ३ ग्रॅम, म्हणजे अर्धा चहाचा चमचा. मोजमाप्यांच्या हिशेबाने ५ ग्रॅम पडलं असतं. मीठ कमी घातलं की पीठ लवकर फुगतं, म्हणून झाकून फ्रिजमध्येच ठेवा, आज रात्रीचं उद्या संध्याकाळपर्यंत. चव तिथे तयार होते. घाई करून दोन तासांत केलेल्या पिठाला नुसता यीस्टचा वास येतो. एवढ्यात ९-१० इंची दोन होतात.

ओव्हन नसला तरी चालतो. जाड लोखंडी तवा तापवा, हाताने थापलेली पोळी टाका, वर बुडबुडे आले की उलटा. आता भाजलेली बाजू वर आली, तिच्यावर सॉस लावा. सॉस म्हणजे चार टोमॅटो, लसूण, चमचाभर तेल, पाणी आटेपर्यंत शिजवलेलं. साखर नको, केचप तर नकोच. माझ्या लहानपणी बेकरीतून तयार बेस आणायचा, केचप फासायचा, वर डब्यातलं चीज किसायचं, त्याला आम्ही पिझ्झा म्हणायचो. आवडायचा, खोटं का बोला.

चीज एका पिझ्झाला ४० ग्रॅम पुरतं, उरलेल्या जागी घरचं बिनमिठाचं पनीर कुस्करून. प्रथिनं तेवढीच राहतात, मीठ उतरतं. स्निग्धांश फारसा कमी होत नाही, तो हवा असेल तर गाईच्या दुधाचं पनीर करा. मोझरेला विकत घेताना पाकिटावर 'अॅनालॉग' लिहिलेलं नाही ना बघा, ते वनस्पती तेलाचं असतं आणि त्याला नुसतं चीज म्हणायला परवानगी नाही. ढोबळी मिरची आणि मश्रूम आधी परतून पाणी काढा. झाकण, मंद आच, पाच मिनिटं.

भुईमूग | रात्री ८:१०

ज्वारीच्या भाकरीवर केलं तर? मैदाच नको.

पोळपाट | रात्री ८:१८

करून झालंय. भाकरी म्हणून छान, चीज म्हणून छान. दोघांची सोयरीक जमत नाही. ज्वारीत ताण धरणारं ग्लूटेन नसतं, त्यामुळे तुकडा उचलला की चीज हातात आणि भाकरी ताटात.

भाकरतुकडा | रात्री ८:३०

भाकरीला तिच्या जागी राहू द्या बाई.

कोथिंबीरवडी | पुढचा रविवार, रात्री ९:४५

हालहवाल. शुक्रवारी रात्री पीठ भिजवलं, शनिवारी साडेसहाला तवा ठेवला. पहिला करपला, तो मी खाल्ला. दुसरा जमला. लेकाने दोन तुकडे खाऊन "हे दुकानासारखं नाही" असं जाहीर केलं आणि तिसरा उचलला. आधी मटकीची उसळ वाढली होती, तीही तोंड वाकडं करून गेली पोटात. पोळ्या केल्याच नाहीत, मोजमाप्यांचं ऐकून एकाने पाट सोडला.

नवऱ्याने चार तासांनी मोजलं: १३६. मागच्या वेळी मागवलेल्यानंतर मोजलंच नव्हतं, त्यामुळे तुलना कशाशी करू? कागद जपून ठेवलाय, बाईंची भेट पंधरवड्याने आहे.

खरी बातमी सासूबाईंची. पाव तुकडा चाखते म्हणाल्या, अर्धा पिझ्झा गेला. आज सकाळी कालनिर्णय काढून बसल्या आणि म्हणाल्या, "कांदेनवमीला भजी दरवर्षीच करतो, यंदा हेच कर. कांदा भरपूर घाल."

एक शंका राहिली. पोळपाट ताई, या वेळी दुप्पट पीठ भिजवलं होतं. एक गोळा फ्रिजमध्ये तसाच आहे, आता आंबूस वास येतोय. टाकू का?

पोळपाट | रात्री ९:५२

टाकू नका गं. उद्या सकाळी थापा, लसूण ठेचून लावा, तव्यावर दोन्हीकडून शेका. चीज नको. नापोलीकरांना फोटो पाठवा.